नाममुद्रा कोणाची? कोकणचे शाहीर, कंपनीचा कागद आणि गाण्याची मालकी

गाणे विकले म्हणजे नेमके काय विकले? रत्नागिरीच्या जाखडीपासून जोहान्सबर्गच्या एका रेकॉर्ड कंपनीपर्यंत आणि तेथून पुन्हा कोकणात येणारा हा धागा. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

भाद्रपदात गणपती बसले की रत्नागिरी जिल्ह्याच्या वाड्यावाड्यांतून जाखडीचा ताल घुमू लागतो. मध्ये ढोलकीवाला, झांजवाला आणि गाणारा शाहीर बसलेला, भोवती पायात चाळ बांधलेल्या नाचणाऱ्यांचे रिंगण. मुंबईत याच प्रकाराला 'बाल्या नाच' हे नाव पडले. सामना रंगतो तो शक्तीवाले आणि तुरेवाले यांच्यात. एका पक्षाने शास्त्रपुराणातील कोडे घालायचे, दुसऱ्याने त्याला गाण्यातून उत्तर द्यायचे आणि उलट सवाल टाकायचा. रात्र सरते, पण बारी संपत नाही.

या गाण्यांत एक गोष्ट सहसा चुकत नाही. शेवटच्या कडव्यात शाहीर स्वतःचे नाव गुंफतो. पुष्कळदा गुरूचे नाव त्याआधी येते, कधी गावाचेही येते. हीच नाममुद्रा. तिच्याकडे आपण केवळ काव्यशोभा म्हणून पाहतो आणि तेथेच चूक करतो. छापखाना नव्हता, नोंदणी कार्यालय नव्हते, करारपत्र नव्हते, त्या काळी गाण्याचा कर्ता कोण याचा एकमेव पुरावा गाण्याच्या पोटातच शिवलेला असे. गाणे तोंडोतोंडी कितीही दूर गेले तरी कर्त्याचे नाव त्याच्याबरोबर चालत जाई. ते वगळायचे तर वृत्त मोडायचे, यमक तोडायचे. चोराला मेहनत करावी लागे.

ही युक्ती शाहिरांनी शोधून काढलेली नाही. नामदेव, तुकाराम, जनाबाई यांच्या अभंगांची अखेर त्यांच्या नावानेच होते. पेशवाईतील शाहिरांनी ती परंपरा फडावर आणली. संगमनेरचे अनंत फंदी, सोलापूरचे राम जोशी, वावीचे परशराम, जेजुरीचे सगनभाऊ यांच्या रचना आज ओळखता येतात त्या प्रामुख्याने या मुद्रेमुळे. होनाजी आणि बाळा यांचे उदाहरण तर विशेष विचार करण्याजोगे आहे. होनाजी रचणारा, बाळा करंजकर गाणारा. पण लोकांच्या तोंडी नाव बसले ते 'होनाजी बाळा' असे जोडीचे. कवी आणि गायक यांचा वाटा एकाच नावात सामावून घेणारी ही व्यवस्था पुढच्या दोनशे वर्षांत कोणत्याही कंपनीच्या कागदाला साधलेली नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. जुना शाहीर पैशाला विटलेला संत नव्हता. तो बिदागी घेई, दरबारात मानपान स्वीकारी, आश्रयदात्याची स्तुतीही करी. कोकणातला आजचा शाहीरही सुपारी घेऊनच बारीला उभा राहतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. गिरणगावाच्या काळात चाकरमान्यांनी हे सगळे मुंबईत नेले. परळच्या दामोदर नाट्यगृहात नमन आणि शक्ती-तुऱ्याचे तिकीट लावून प्रयोग होऊ लागले. मुद्दा असा की पैसा मिळे तो गाण्याच्या सादरीकरणाचा. गाणे मात्र शाहिराच्या वहीतच राही. पुढच्या वर्षी तो तेच गाणे दुसऱ्या गावी गाऊ शके, शिष्याला देऊ शके, त्यात दोन कडवी घालू शके. एका रात्रीची किंमत आणि गाण्याची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणी त्याला शिकवले नव्हते. शिकवण्याची गरजच नव्हती.

ही दोन्ही किमती एक झाल्या त्या यंत्र आल्यावर.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणासाठी आले. गौहर जान यांच्या तबकड्या त्या मोहिमेतल्या. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारताना ऐकू येते. कारण अगदी व्यावहारिक होते. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला छापल्या जात आणि तेथील कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे लागे. म्हणजे नाममुद्रा नाहीशी झाली नाही, तिचा धनी बदलला. शेवटच्या कडव्यात कवीचे नाव येई, आता त्या जागी गायिकेचे आले. त्यातच तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. रात्रभर चालणारी रचना तीन मिनिटांत बसवायची तर कात्री लागणारच, आणि कवीचे नाव नेमके शेवटी.

संगीत नाटकाने या बदलाला वेगळे वळण दिले. अण्णासाहेब किर्लोस्कर स्वतःच नाटककार आणि स्वतःच मंडळीचे चालक असल्याने तेथे हा प्रश्नच उद्भवला नाही. त्यांच्यानंतर मात्र लिहिणारा एक, चाल लावणारा दुसरा, गाणारा तिसरा आणि मंडळीचा मालक चौथा, अशी विभागणी होत गेली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिली करीत, खाडिलकर 'केसरी'त होते. नाटकाच्या उत्पन्नावर ज्यांची चूल अवलंबून नव्हती त्यांना घासाघीस करण्याची तितकी निकड नव्हती, हे मराठी रंगभूमीच्या इतिहासात फारसे बोलले जात नाही. रत्नागिरीपुरते पाहायचे तर १९३१ चे 'संन्यस्त खड्ग' आहेच. लेखक वि. दा. सावरकर, रत्नागिरीत स्थानबद्ध. नाटक रंगभूमीवर आणणारी दीनानाथ मंगेशकरांची बळवंत संगीत मंडळी. पदांना चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या. आजही त्यातले एक पद घराघरांत माहीत आहे, पण 'दीनानाथांचे' म्हणून. पदाचा कर्ता कोण आणि चालीचा कर्ता कोण, हे विचारले तर दहांपैकी किती जणांना सांगता येईल, याचा प्रयोग वाचकांनी घरीच करून पाहावा.

आता कायदा. येथे थोडे सावकाश जावे लागेल, कारण बहुतेक चर्चा याच वळणावर घसरते.

ब्रिटिश साम्राज्याचा १९११ चा कॉपीराइट कायदा काही फेरफारांसह १९१४ च्या अधिनियमाने हिंदुस्थानात लागू झाला. त्यात एक विलक्षण तरतूद होती. लेखकाने हयातीत आपला हक्क कोणालाही विकला, तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी तो हक्क वारसांकडे परत येई, आणि ही परतफेड कराराने टाळताही येत नसे. कायदा करणाऱ्यांच्या मनात वसाहतीतले शाहीर नक्कीच नव्हते. पण तरुण, गरजू लेखक आपल्या कृतीची खरी किंमत ओळखण्याआधीच ती विकून बसतो, एवढे त्यांनी ओळखले होते.

या तरतुदीचे सामर्थ्य जगाला दिसले ते दक्षिण आफ्रिकेत. सॉलोमन लिंडा हा झुलू गायक-रचनाकार. १९३९ मध्ये जोहान्सबर्गच्या गॅलो कंपनीसाठी त्याने 'म्बूबे' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. तो त्याच कंपनीच्या गोदामात तबकड्या बांधण्याचे काम करी. गाण्याचे हक्क त्याने दहा शिलिंगांना दिले, असे सांगितले जाते. पुढे ते गाणे अमेरिकेत गेले, १९६१ मध्ये नव्या इंग्रजी शब्दांसह तुफान गाजले, १९९४ मध्ये डिस्नेच्या 'द लायन किंग' या चित्रपटात आले. लिंडा १९६२ मध्ये दारिद्र्यात वारला होता. त्याच्या मुलींच्या बाजूने वकील उभे राहिले ते त्याच १९११ च्या कायद्याचा आधार घेऊन. १९६२ अधिक २५ म्हणजे १९८७ साली हक्क वारसांकडे परतला, असा त्यांचा युक्तिवाद होता. २००६ मध्ये तडजोड झाली आणि कुटुंबाला मोबदल्यात वाटा मिळाला.

लिंडाने दहा शिलिंग घेतले तेव्हा तोच कायदा रत्नागिरीतही लागू होता. स्वतंत्र भारताने १९५७ मध्ये स्वतःचा कॉपीराइट अधिनियम केला आणि त्यात हक्क परत येण्याची ही तरतूद ठेवली नाही. परकीयांचा कायदा लेखकाकडे अधिक मायेने पाहत होता आणि आपल्या संसदेने ती माया कमी केली, हे म्हणणे कानाला गोड लागत नाही. पण या एका मुद्द्यापुरते ते खरे आहे.

१९५७ च्या कायद्याचे १७ वे कलम हे या साऱ्या वादाचे मूळ. नियम साधा आहे: कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. मग अपवाद येतात. नोकरीत असताना, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून काही लिहिले तर मालकी मालकाची. आणि मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र, चित्र किंवा चित्रपट तयार करून घेतला तर मालकी पैसे देणाऱ्याची. यादी नीट वाचली तर ध्यानात येते की या दुसऱ्या अपवादात 'गीत' हा शब्दच नाही. शाहिराला कंपनीने फोन केला, गणपतीचे गाणे लिहून मागितले, पैसे दिले, एवढ्याने गीत कंपनीचे होत नाही. ते कंपनीचे होते ते शाहिराने सही करून हक्क लेखी हस्तांतरित केला तरच.

'वर्क फॉर हायर' हा आज करारांतून सर्रास दिसणारा शब्द मूळचा अमेरिकेचा. तेथील कायद्यात तसे काम आरंभापासूनच कंपनीचे मानले जाते, आणि इतर लेखकांना ३५ वर्षांनी हक्क परत मागण्याची जी सोय आहे ती अशा कामाला नाही. गंमत म्हणजे तेथेही बाहेरच्या लेखकाकडून करून घेतलेले प्रत्येक काम या सदरात बसत नाही; कायद्याने ठरावीक नऊ प्रकार सांगितले आहेत आणि एकटे सुटे गाणे त्यांत येत नाही. तरीही हा शब्द सातासमुद्रापार येऊन रत्नागिरीच्या पोराच्या व्हॉट्सॲपवरील करारात जाऊन बसला आहे. भारतीय कायद्यात या शब्दाला स्वतःचे असे वजन नाही. नोकरीचा करार आणि कामाचा करार यांत आपला कायदा भेद करतो, आणि घरी बसून गाणी लिहिणारा शाहीर कंपनीचा नोकर होत नाही. कागदावर इंग्रजीत काहीही लिहिले तरी.

पण चित्रपटाच्या बाबतीत चित्र फार वेगळे झाले. गीतकार-संगीतकारांची संस्था 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' १९६९ मध्ये स्थापन झाली. चित्रपट निर्मात्यांशी तिचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७७ मध्ये निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला. निर्मात्याने पैसे देऊन गीत करून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक निर्माता, असे ठरले. न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालाला जोडलेल्या टिपणात गायकाला कायद्यात स्थानच नाही याबद्दल खंत व्यक्त केली. हा प्रश्न त्याआधीच लता मंगेशकर यांनी उपस्थित केला होता. १९६० च्या दशकात गायकांना स्वामित्वधनाचा वाटा हवा या मागणीवरून त्यांचे आणि महंमद रफी यांचे मतभेद झाले आणि दोघांचे एकत्र गाणे काही वर्षे थांबले. आधी ठरलेले पैसे मिळाले की हिशेब मिटला, असे रफींचे म्हणणे होते. रफी वाईट होते म्हणून नव्हे, तर साऱ्या धंद्याचीच तशी समजूत होती म्हणून. दीनानाथांच्या लेकीने ती समजूत नाकारली. संगीत मंडळीचा संसार कसा चालतो आणि कसा बुडतो, हे तिने लहानपणी जवळून पाहिले होते.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि कोकणाचा आवाज पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर विकाऊ झाला. तबकडी काढायला मोठे भांडवल लागे, कॅसेटला फारच थोडे. लहान लहान कंपन्या उभ्या राहिल्या. चाकरमानी गावी जाताना नमनाची, भारूडाची, शक्ती-तुऱ्याची कॅसेट घेऊन जाऊ लागला. शाहिरासाठी हा सन्मान होता. वेष्टनावर आपला फोटो, गावाच्या बाजारात आपला आवाज. या सन्मानाची किंमत त्याने पुष्कळदा मोजलीच नाही.

याच काळात एक निरुपद्रवी दिसणारा शब्द वेष्टनांवर रूढ झाला: 'पारंपरिक'. चाल पारंपरिक असते हे खरे. जाखडीच्या चाली पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत आणि त्यांवर कोणाचाच एकट्याचा हक्क नाही. पण शब्द? गतवर्षी अमुक वाडीच्या शाहिराने रचलेला सवाल पारंपरिक कसा? चालीचे विशेषण शब्दांनाही चिकटवले की कर्ता अदृश्य होतो, आणि अदृश्य माणसाशी करार करावा लागत नाही. लोककलेवरील प्रेमाच्या भाषेत याइतकी सोयीची चोरी दुसरी सापडणे कठीण. अभ्यासकही यात निर्दोष नाहीत. लोकगीतांच्या संग्रहांत गाव आणि जिल्हा नोंदवला जातो, गीत सांगणाऱ्या बाईचे नाव मात्र बऱ्याचदा राहून जाते.

मग २०१२ उजाडले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर लावून धरलेल्या प्रयत्नांनंतर कॉपीराइट अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या जूनपासून ती लागू झाली. गाण्याच्या दृष्टीने तिचा गाभा असा. गीतकार किंवा संगीतकार आपला हक्क कंपनीला देऊ शकतो, पण गाण्याच्या पुढील वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनातला समान वाटा घेण्याचा हक्क तो सोडून देऊ शकत नाही. वारस आणि नोंदणीकृत कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज तो हक्क कोणाला देताच येत नाही. तसा करार केला तरी तो रद्दबातल. चित्रपटातील गाणे असो वा सुटे ध्वनिमुद्रण, दोन्हींना हे संरक्षण आहे. शाहिराने 'एकरकमी घेतले, यापुढे माझा काही संबंध नाही' असे लिहून सही केली, तरी या वाट्यापुरता त्याचा संबंध कायद्याने तुटत नाही.

आणखी दोन कलमे तरुण गीतकारांनी पाठ करावीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण ५ वर्षांचे समजले जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर ते भारतापुरते समजले जाते. म्हणूनच कंपनीचा कागद 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' हे शब्द कधी विसरत नाही. कंपनीच्या वकिलाने कायदा वाचलेला असतो.

आता कंपनीची बाजू. ती मांडल्याशिवाय हा धागा एकांगी होईल, आणि ती तशी पोकळही नाही. दहा गाणी काढली तर नऊ बुडतात. स्टुडिओ, वादक, चित्रीकरण, जाहिरात, सगळा खर्च कंपनी आधी करते. बुडालेल्या गाण्याचा अर्धा वाटा म्हणजे शून्याचा अर्धा; त्यापेक्षा आज हातात पडलेली रक्कम शाहिराला शंभरदा उपयोगी. घरात आजारपण असेल, मुलीची फी भरायची असेल, पावसाने आंब्याचा मोहोर गळला असेल, तर 'भविष्यातील स्वामित्वधन' हा शब्द थट्टेसारखा वाटतो. वाटा मागणाऱ्या गीतकाराऐवजी कंपनी दुसऱ्याकडून गाणे लिहून घेईल, हेही खरे. ज्याच्यापुढे दुसरा पर्याय नाही त्याला तत्त्वे शिकवणे सोपे असते. ते काम शहरातले लोक फार आनंदाने करतात.

तरीही या बाजूच्या मांडणीत एक लबाडी दडलेली आहे. जोखमीचा युक्तिवाद आजच्या रकमेचा आकार ठरवण्यासाठी योग्य आहे. पुढच्या शंभर वर्षांची मालकी ठरवण्यासाठी नाही. शंभर वर्षे ही अतिशयोक्ती नव्हे. गीताचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर आणखी ६० वर्षे टिकतो. पंचविशीत गाणे विकणारा शाहीर पंच्याहत्तरीपर्यंत जगला तर त्या एका सहीचा पल्ला ११० वर्षांचा होतो. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू, हे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. कुडाळात खानावळ चालवणारा हा कवी १९७६ मध्ये गेला. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत जिवंत राहील. कुडाळातल्या खानावळीच्या कोणत्याही दिवशी, हातात रोकड घेऊन समोर बसलेल्या माणसाला २०३६ ची किंमत सांगता आली असती काय? कंपनीलाही आली नसती. जी किंमत दोघांनाही ठाऊक नाही ती एकाच बाजूच्या अंदाजाने कायमची ठरवणे, याला सौदा म्हणणे जड जाते. १९११ च्या कायद्याला हे कळले होते, आणि वाटा सोडता येणार नाही असे सांगणाऱ्या २०१२ च्या दुरुस्तीला ते वेगळ्या मार्गाने पुन्हा कळले.

म्हणून रक्कम घेणे चूक नाही. रकमेबरोबर काय काय जाते ते न मोजता घेणे चूक. आणि कोकणच्या शाहिराने जे सर्वांत आधी मोजायला हवे ते स्वामित्वधनही नव्हे. ते म्हणजे स्वतःचे गाणे स्वतः गाण्याची मोकळीक.

हे कसे घडते ते पाहावे. शाहीर गाणे कंपनीला देतो. कंपनी ते ध्वनिमुद्रित करते आणि यूट्यूबवर चढवते. तेथे प्रत्येक नोंदलेल्या ध्वनीचा जणू अंगठ्याचा ठसा घेऊन ठेवणारी यंत्रणा आहे. पुढच्या गणपतीत त्याच शाहिराचे मंडळ तेच गाणे वाडीत गाते, कोणी पोरगा मोबाइलवर चित्रण करून चढवतो आणि यंत्रणा ते ओळखते. हक्क संपूर्ण आणि कायमस्वरूपी दिलेला असेल तर दावा कंपनीचा, जाहिरातीचे उत्पन्नही कंपनीचे, आणि प्रसंगी चित्रफीतच उतरवली जाते. ज्या गाण्याची बिदागी त्याचा गुरू हयातभर घेत आला, ते गाणे शिष्याला स्वतःच्या वाडीत गायल्यावर कंपनीची परवानगी लागावी, ही स्थिती पेशवाईतल्या कोणत्याही शाहिराला समजावून सांगता आली नसती. बारीवर जगणाऱ्या कलावंताच्या दृष्टीने हा तोटा स्वामित्वधनाच्या तोट्याहून मोठा आहे, कारण स्वामित्वधन कधीतरी येणारे असते आणि बारी दरवर्षी येते. सादरीकरणाचा आणि शिष्याला देण्याचा हक्क माझ्याकडे राहील, अशी एक ओळ शाहिराने करारात मागून घ्यावी. ही ओळ कंपनीला फारशी महाग पडत नाही. तिला ध्वनिमुद्रण हवे असते, वाडीतली रात्र नको असते.

संस्थेचे सभासदत्व ही दुसरी गोष्ट. 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी'ला २०१७ मध्ये नव्याने कॉपीराइट संस्था म्हणून मान्यता मिळाली. मुंबईतल्या चित्रपट गीतकाराला तिचा पत्ता ठाऊक असतो. गुहागर-संगमेश्वरच्या शाहिराला तो सांगणारे कोणी नसते. कायद्याने वाटा दिला तरी तो गोळा करायला कोणीतरी लागते. फ्रान्समध्ये ही गोष्ट १८४७ सालीच एका गीतकाराच्या ध्यानात आली. एर्नेस्त बुर्जे पॅरिसच्या एका कॅफेत बसला होता, तेथे त्याचीच गाणी वाजत होती. तुम्ही माझ्या गाण्याचे पैसे देत नाही तर मी तुमच्या पेयाचे देत नाही, असे म्हणून त्याने बिल भरायला नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले, तो जिंकला, आणि १८५१ मध्ये तेथे गीतकार-संगीतकारांची संस्था उभी राहिली. रत्नागिरीत मंडळे पुष्कळ आहेत, सामन्यांचे आयोजन ती उत्तम करतात. आपल्या शाहिरांच्या रचनांची तारखेसह नोंदवही ठेवणे हे काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे मुळीच नाही. वाद उद्भवला तर 'पारंपरिक' या शब्दाला दिलेले ते पहिले लेखी उत्तर ठरेल.

राहिला प्रश्न नावाचा. हक्क विकला तरी कृती आपली असल्याचे सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो, असे कॉपीराइट अधिनियमाचे ५७ वे कलम म्हणते. कर्त्याच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कृतीची मोडतोड करण्यालाही ते कलम आडवे येते. आता या कलमासमोर जाखडीचे गाणे ठेवून पाहावे. ध्वनिमुद्रण साडेतीन मिनिटांत बसवायचे म्हणून स्टुडिओत शेवटचे कडवे कापले जाते. कडव्याबरोबर शाहिराचे नाव जाते, गुरूचे जाते, गावाचे जाते. यूट्यूबच्या वर्णनात गायकाचे, संगीत संयोजकाचे, चित्रीकरण करणाऱ्याचे आणि निर्मात्याचे नाव असते. गीतासमोर 'पारंपरिक' असते. चित्रपटांच्या जगात साहिर लुधियानवींनी आकाशवाणीवर गीतकाराचेही नाव सांगितले जावे यासाठी आग्रह धरला होता. जाखडीच्या शाहिराने तोच आग्रह गाण्याच्या आतच धरून ठेवला आहे. स्टुडिओत जाण्यापूर्वी त्याने करारात एवढेच लिहून घ्यावे: शेवटचे कडवे कापले जाणार नाही.